मुखवट्याचा न्याय आणि प्रेक्षकाची टाळी

‘द डार्क नाइट’ हा इंग्रजी चित्रपट जुलै २००८ मध्ये प्रदर्शित झाला, त्यास आता दीड तप होत आले. एवढ्या काळात सामान्यतः चित्रपट विस्मरणात जातो; गाणी चांगली असली तर तेवढी मागे उरतात. या चित्रपटात गाणे नाही, हलकेफुलके प्रसंग फारसे नाहीत, नायिका शेवटापर्यंत जगत नाही आणि नायक अखेरीस पोलिसांच्या कुत्र्यांना चुकवीत अंधारात पळून जातो. तरीही त्या वर्षी जी मुले पाळण्यात होती, तीच आज नागपूरच्या महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर या चित्रपटातील प्रसंग तोंडपाठ म्हणून दाखवितात आणि त्यातील विदूषकाचे रंगविलेले तोंड छातीवर मिरवितात. कोणता नट श्रेष्ठ यावर ती हमरीतुमरीवर येतात. पूर्वी असे वाद नाट्यगृहाबाहेरच्या चहाच्या टपरीवर होत.

वडीलधाऱ्या मंडळींना हा प्रकार पोरकट वाटतो. वटवाघळाचा वेष करून रात्री इमारतींवरून उड्या मारणाऱ्या कोट्यधीशाचे एवढे कौतुक ते काय, असे ती विचारतात. परंतु ज्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाचे मराठी अंक दप्तरात लपवून वाचले, तिने तरी असे नाक मुरडू नये. मुखवटा घालून अन्यायाचे पारिपत्य करणाऱ्या पुरुषाचे आकर्षण काही आजचे नाही. प्रश्न आहे तो निराळाच. या काळोख्या चित्रपटाचा चाहता टाळी वाजवितो ती नेमकी कशाला? नटाच्या सामर्थ्याला, की कायदा बाजूस सारून मिळणाऱ्या झटपट न्यायाला? नागपूरकरांनी तर या प्रश्नाकडे दुर्लक्ष करूच नये. पडद्यावरची ती गोष्ट या शहराच्या एका न्यायालयात एकदा प्रत्यक्ष घडलेली आहे.

अभिनयाचे सामर्थ्य

बॅटमॅन हे पात्र १९३९ साली अमेरिकेतील एका चित्रमासिकात अवतरले. बॉब केन या चित्रकाराने आणि बिल फिंगर या लेखकाने त्यास जन्म दिला. त्याच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नाही. लहानपणी एका लुटारूने आईबापांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या, त्या दुःखातून उभा राहिलेला हा धनाढ्य वारस आहे. पैसा, शरीरबळ आणि जिद्द एवढेच त्याचे भांडवल. क्रिस्टोफर नोलन या दिग्दर्शकाने २००५ सालच्या पहिल्या चित्रपटात त्याला परीकथेतून काढून बँका, पोलीस चौक्या आणि कचेऱ्या असलेल्या खऱ्याखुऱ्या शहरात आणले. ‘द डार्क नाइट’ हा त्या मालिकेतील दुसरा भाग होय.

या चित्रपटाचा विषय निघाला की पहिले नाव येते ते हीथ लेजर या नटाचे. जोकर या खलनायकाची भूमिका करणारा हा नट २२ जानेवारी २००८ रोजी, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच निवर्तला. पुढील वर्षी सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक त्यास मरणोत्तर देण्यात आले व त्याच्या कुटुंबीयांनी ते स्वीकारले. अकाली मृत्यूच्या सहानुभूतीमुळे ही भूमिका मोठी ठरली, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पोक काढून चालणे, बोलताबोलता ओठांवरून जीभ फिरविणे, वाक्याच्या मध्येच आवाज चढविणे व लगेच उतरविणे, या बारीकसारीक लकबींतून त्याने एक असा माणूस उभा केला की ज्याच्या पुढच्या क्षणाचा भरवसा धरता येत नाही. तोंडावरील व्रणांची हकिगत तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा निराळी सांगतो. पहिल्या खेपेस प्रेक्षकाला त्याची किंचित कणव येते, दुसऱ्या खेपेस आपण फसलो हे त्याला उमगते. दुष्टपणाचे कारण सापडले की माणसाला हायसे वाटते. हा नट ते समाधान प्रेक्षकाला लाभू देत नाही.

त्या मानाने गॅरी ओल्डमन या नटाविषयी कमी बोलले जाते. ज्याची कीर्ती अनेक वर्षे क्रूर भूमिकांवर पोसली गेली, तो येथे गॉर्डन या पोलीस अधिकाऱ्याच्या रूपात चष्मा लावलेला, थकलेला, बायकामुलांच्या काळजीने पोखरलेला संसारी माणूस होतो. भ्रष्ट सहकाऱ्यांना सोबत घेऊनच आपल्याला काम रेटावयाचे आहे, हे त्याला ठाऊक आहे. कोणत्याही सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या प्रामाणिक माणसाला ही भूमिका आपलीशी वाटेल. ॲरन एकहार्टने रंगविलेला सरकारी वकील हार्वे डेंट हा तर चित्रपटाचा खरा कणा आहे. मुखवटा न घालता, उघड्या तोंडाने, न्यायालयात उभा राहून गुन्हेगारांशी लढणारा तो एकटाच. त्याचा अर्धा चेहरा जळतो आणि कायद्यावरील श्रद्धाही त्याबरोबर जळून जाते. पुढे तो नाणे उडवून लोकांच्या जन्ममरणाचा निकाल लावू लागतो.

नायक झालेल्या क्रिश्चन बेलच्या वाट्याला यांपैकी कोणतीही चमक आलेली नाही, आणि ते योग्यच आहे. चौकशीच्या खोलीतील प्रसंग चाहत्यांना विशेष प्रिय आहे. तेथे बॅटमॅन जोकरला बेदम मारतो आणि जोकर हसत राहतो. दोन ओलीस कोठे आहेत हे तो अखेर सांगतो खरे, पण पत्त्यांची अदलाबदल करून. परिणामी जिला वाचवावयाचे तिचाच बळी जातो. मारहाणीने सत्य हाती येत नाही, हे एवढ्या ठसठशीतपणे सांगणारा प्रसंग लोकप्रिय चित्रपटांत क्वचितच आढळेल. तरुण चाहता या प्रसंगाला टाळी देतो, परंतु ठोशाचा तेथे पराभव झाला आहे हे पुष्कळदा त्याच्या ध्यानी येत नाही.

हिशेब न करणारा गुन्हेगार

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या चित्रपटात एक वेगळेच कोडे सापडेल. गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली एका गाजलेल्या निबंधात असे मांडले की, गुन्हेगारही व्यापाऱ्याप्रमाणे हिशेब करीत असतो. गुन्ह्यातून मिळणारा लाभ एका पारड्यात आणि पकडले जाण्याची शक्यता व शिक्षेचे ओझे दुसऱ्या पारड्यात टाकून तो आपला निर्णय घेतो. चित्रपटातील माफिया टोळ्या तंतोतंत याच रीतीने वागतात. त्यांचा पैसा बँकांत आहे, हिशेबनीस हाँगकाँगला पळतो, आणि तो हाती लागताच टोळ्यांचे कंबरडे मोडू लागते. जोकर मात्र नोटांचा डोंगर मिळवितो आणि त्यालाच काडी लावतो. ज्याला लाभ नको आणि शिक्षेचे भय नाही, त्याला बेकरचे गणित लागू पडत नाही. त्याच्या दहशतीचे मूळ येथेच आहे.

असा गुन्हेगार प्रत्यक्षात जवळजवळ नसतोच. वस्तीतला गुंड, खंडणी वसूल करणारा दादा, भूखंड बळकावणारा दलाल हे सारे पक्के हिशेबी असतात. तक्रार होणार नाही, झाली तर नोंदली जाणार नाही, नोंदली तर साक्षीदार मिळणार नाही, आणि मिळाला तरी निकाल लागेपर्यंत तो थकून जाईल, ही त्यांची आकडेमोड असते. ती बरोबर ठरत राहते तोवर त्यांचा धंदा चालतो. जोकरचे भय ही करमणूक आहे. शहरे पोखरली जातात ती या हिशेबी माणसांमुळे.

जोकरचा खरा पराभव कोण करते, हेही येथे पाहिले पाहिजे. दोन मोठ्या बोटी, एकीत सामान्य नागरिक तर दुसरीत तुरुंगातील कैदी. प्रत्येकीच्या हाती दुसरी बोट उडवून देण्याचे यंत्र. जी आधी कळ दाबील ती वाचेल. कोणीच न दाबल्यास मध्यरात्री दोन्ही बोटी उडविल्या जातील. स्वार्थाचा सरळ हिशेब कळ दाबण्याच्या बाजूचा आहे. नागरिकांच्या बोटीवर मतदान होते आणि बहुमतही कळ दाबण्याच्या बाजूनेच पडते. परंतु मत देणाऱ्यांपैकी एकाचाही हात कळीपर्यंत जात नाही. इकडे एक आडदांड कैदी यंत्र हाती घेतो आणि खिडकीतून सरळ पाण्यात फेकून देतो. चित्रपटातील नैतिक विजयाचा क्षण हाच, आणि या क्षणी दोन्ही बोटींवर एकही मुखवटा नाही.

कस्तुरबानगरचा दिवस

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात काय घडले, ते शहरातील जाणती माणसे विसरलेली नाहीत. अक्कू यादव नावाच्या गुंडास त्या दिवशी न्यायालयात आणण्यात आले होते. जरीपटका परिसरातील कस्तुरबानगर या वस्तीत त्याने वर्षानुवर्षे दहशत माजविली होती. खंडणी, मारहाण, खून आणि स्त्रियांवरील बलात्कार यांच्या कहाण्या वस्तीतील घराघरांत होत्या. पोलिसांकडे गेले तरी दाद मिळत नाही, उलट तक्रारीची बातमी त्याच्या कानी जाते, अशी रहिवाशांची तक्रार होती. तो पुन्हा जामिनावर सुटून येईल या भीतीने स्त्रियांचा मोठा जमाव न्यायालयात शिरला. तिखटाची पूड, दगड आणि भाजी चिरण्याच्या सुऱ्या ही त्यांची शस्त्रे होती. काही मिनिटांतच न्यायदानाच्या खोलीत त्याचा प्राण गेला.

पुढे अटकसत्र सुरू झाले तेव्हा वस्तीतील स्त्रिया एकमुखाने म्हणाल्या की, हे आम्ही सर्वांनी केले आहे, पकडावयाचे तर सर्वांना पकडा. दहा वर्षे खटला चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी सर्व आरोपी निर्दोष सुटले. या घटनेवर बेतलेला ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट २०२१ मध्ये आला. त्यात अमोल पालेकर यांनी निवृत्त न्यायाधीशाची भूमिका केली असून रिंकू राजगुरू हिने वस्तीतील तरुणीचे काम केले आहे.

त्या स्त्रियांना दूषणे देणे सोपे आहे आणि त्यांना देवीचा अवतार ठरविणे त्याहूनही सोपे. दोन्ही गोष्टी टाळून पाहिले तर मनाला टोचणारी वस्तुस्थिती अशी दिसते की, यादवविरुद्ध साक्ष देण्यास भयापोटी कोणी धजत नव्हते, आणि त्याच्या खुनाचा खटला उभा राहिला तेव्हाही आरोप सिद्ध करील असा पुरावा पुढे आला नाही. म्हणजे आधीही कायद्याला साक्षीदार मिळाला नाही, नंतरही मिळाला नाही. एकदा भीतीमुळे आणि एकदा बहुधा कृतज्ञतेमुळे. मधल्या मध्ये न्यायालय ही केवळ घटना घडण्याची जागा उरली.

चित्रपटाशी तुलना करता आणखी एक फरक डोळ्यांत भरतो. बॅटमॅनचा न्याय हा श्रीमंताचा न्याय आहे. चिलखत, वाहन, प्रयोगशाळा हे सारे त्याच्या पेढीच्या पैशातून येते. कस्तुरबानगरला असा कोणी कोट्यधीश लाभला नव्हता. अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणून ज्यांची गणना होते, त्यांत रस्त्यावरचे दिवे येतात तसाच कायद्याचा अंमलही येतो. तो सर्वांना सारखा मिळाला तरच त्याला अर्थ. राज्यसंस्था तो पुरविण्यात कमी पडली की ऐपतदार माणूस खाजगी रखवालदार ठेवतो आणि गरीब माणूस स्वयंपाकघरातील सुरी उचलतो. या दोहोंपैकी कशालाच न्याय म्हणता येत नाही.

टाळीचा धोका

आपल्याकडे या टाळीचा इतिहास जुना आहे. १९८८ साली आलेल्या ‘शहेनशाह’ या हिंदी चित्रपटात दिवसा लाचखाऊ भासणारा पोलीस अधिकारी रात्री लोखंडी हात चढवून गुन्हेगारांना शासन करतो, आणि अखेरीस खलनायकाचे प्रेत न्यायालयाच्याच छतातून फासाला लोंबकळते. प्रेक्षागृहे तेव्हा टाळ्यांनी दुमदुमली. त्याच्या पाच वर्षे आधी, १९८३ मध्ये, श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून गोविंद निहलानी यांनी ‘अर्धसत्य’ काढला होता. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातही पोलीस अधिकारी कायदा बाजूस ठेवून गुंडाला ठार मारतो. परंतु त्यानंतर तो आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन होतो. ओम पुरी यांच्या चेहऱ्यावर तेथे विजय दिसत नाही, दिसतो तो एका माणसाचा मोडलेला कणा. काळोख्या चित्रपटांचेही दोन प्रकार असतात, हे या दोन चित्रपटांवरून कळावे. एक प्रकार प्रेक्षकाला नशा देतो, दुसरा नशेची किंमत सांगतो.

पडद्यावरची ही टाळी रस्त्यावर येते तेव्हा काय होते, ते ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ दिसले. एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर बलात्कार करून तिची हत्या केल्याचा आरोप असलेले चौघे पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. नागपुरात वकिली करून पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले न्यायमूर्ती विकास शिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये जाहीर झाला. ठार मारण्याच्या उद्देशाने हेतुपुरस्सर गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष काढून आयोगाने दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालविण्याची शिफारस केली. मृतांपैकी तिघे अल्पवयीन होते, असेही आयोगास आढळले. फुले उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी हा अहवाल वाचला असेल? त्या मुलीला न्याय मिळाला की नाही, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. कारण ज्यांच्यावर खटला चालवावयाचा तेच उरले नाहीत.

मुखवटा उतरल्यावर

बॅटमॅनच्या चित्रपटांनी ही गोष्ट आपल्या चाहत्यांपासून लपवून ठेवलेली नाही. ‘द डार्क नाइट’च्या आरंभीच काही उत्साही नागरिक तसाच वेष करून, हाती बंदुका घेऊन गुन्हेगारांवर चालून जातात. पडद्यावर दाखविलेला हा चाहताच होय. बॅटमॅन त्यांना बांधून घालतो, आणि पुढे त्यांपैकी एकाचे प्रेत जोकर भर शहरात टांगतो. अखेरीस डेंटचे गुन्हे झाकून त्याला हुतात्मा ठरविण्याचा खोटेपणा बॅटमॅन आणि गॉर्डन संगनमताने करतात. लोकांचा धीर खचू नये हा त्यांचा हेतू. परंतु २०१२ सालच्या तिसऱ्या भागात हाच खोटेपणा उघडा पडून शहरावर उलटतो. मॅट रीव्ज यांच्या २०२२ सालच्या ‘द बॅटमॅन’मध्ये तर नायक स्वतःला सूड म्हणवून घेत असतो, आणि अखेरीस तोच शब्द त्याला एका मारेकऱ्याच्या तोंडून ऐकू येतो. त्या क्षणी तो हादरतो. मग हाती पेटता पलिता घेऊन तो पाण्यात अडकलेल्या लोकांना वाट दाखवू लागतो. सुडाचे काम सोडून त्याने आपत्तिनिवारणाचे काम पत्करले, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा चाहत्याला त्याच्या उत्साहाबद्दल बोल लावण्याचे कारण नाही. त्याने चित्रपट शेवटपर्यंत पाहावा एवढेच सांगणे आहे. लेजरच्या अभिनयाला जरूर टाळी द्यावी. पण ओल्डमनच्या थकलेल्या डोळ्यांकडे, बोटीवरच्या त्या कैद्याकडे आणि जळण्यापूर्वीच्या सरकारी वकिलाकडेही पाहावे. त्या शहराला खरी उणीव त्यांचीच भासत होती. मुखवटेवाला हा त्या उणिवेचा परिणाम आहे, उपाय नव्हे.

आपल्या देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले पडून आहेत. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ अशी म्हण आपल्या भाषेत रूढ व्हावी, आणि ती आपण व्यवहारज्ञान म्हणून मुलांना शिकवावी, यातच पुष्कळ काही येऊन जाते. जोवर शहाणी माणसे ती पायरी टाळतात, तोवर गुंडांचा हिशेब बरोबर येत राहणार, आणि कधी तरी सोसवेनासे झालेली माणसे ती पायरी चढणार ती सुरी घेऊनच. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरणे, तक्रार नोंदविण्यास नकार देणाऱ्याला जाब विचारणे, साक्षीदाराला संरक्षण देणे ही कामे रुक्ष आहेत. त्यांवर चित्रपट निघत नाहीत. बेकरच्या गणितातील दुसरे पारडे मात्र याच कामांनी जड होते.

कट्ट्यावर बसून बॅटमॅनचे संवाद म्हणणाऱ्या मुलांपैकी काही उद्या वकील होतील, काही पोलिसांत जातील, काही कचेऱ्यांतून तक्रारअर्ज स्वीकारतील. बहुतेकांच्या आयुष्यात निदान एकदा तरी असा प्रसंग येईल की त्यांनी काही पाहिलेले असेल आणि ते सांगावयाचे की नाही हे त्यांनाच ठरवावे लागेल. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मुखवटा घालून उभे राहता येत नाही. तेथे स्वतःचे नाव, वय, पत्ता सांगून बोलावे लागते. कस्तुरबानगरसाठी वेळेवर एवढे धैर्य दाखविणारी माणसे, आणि त्यांच्या पाठीशी उभी राहणारी यंत्रणा असती, तर १३ ऑगस्ट २००४ हा दिवस नागपूरच्या न्यायालयात इतर कोणत्याही दिवसासारखाच मावळला असता.